चौदा हजार पाचशेचा ‘नवा’ पंप

जुलैत चोर्ला घाटात, कणकुंबीच्या अलीकडे, माझ्या सेकंडहँड हायाबुसा बाइकचा क्लच लिव्हर मुठीला जाऊन चिकटला. गिअर सुटेना. पाऊस बेळगावी, म्हणजे आडवा. टेम्पोत घालून गाडी परत आणली तेव्हा वाटलं, नशीब खराब. नशिबाचा काही संबंध नव्हता हे दोन दिवसांनी कळलं.

सुरुवात मे महिन्यातली. या गाडीचा क्लच ऑइलच्या दाबावर चालतो: लिव्हर ओढला की हँडलवरच्या छोट्या टाकीकडून ऑइल नळीतून खालच्या पंपाला ढकलतं. क्लच मऊ लागत होता, त्या टाकीच्या काचेतून ऑइल कॉफीसारखं दिसत होतं. हे डॉट फोर, म्हणजे ब्रेकमध्ये घालतात तेच ऑइल, हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदलावंच लागतं. आधीच्या मालकानं कधी बदललं होतं देव जाणे. काम साधं: जुनं ऑइल काढायचं, नवं घालायचं, खालच्या पंपाच्या निप्पलमधून, म्हणजे हवा सोडायच्या छोट्या पोकळ बोल्टमधून, एअर काढायची. खालचा पंप चेन स्प्रॉकेटच्या कव्हरमागे. चिखल, चेनचं ग्रीस, पाणी सगळं तिथंच. त्यात निप्पल लोखंडी आणि पंपाची बॉडी अॅल्युमिनियमची. दोन्ही धातू ओलाव्यात एकमेकांना असे धरतात की सुटत नाहीत.

शहरातल्या ज्या गॅरेजला नेली, तिथला मिस्त्री फार गोड बोलायचा. निप्पल हलेना तसा त्यानं आठ नंबरचा उघडा पाना मारला. कोपरे गोल झाले. मग ग्रिप प्लायर. ती एकदा सटकून बॉडीवर बसली, दुसऱ्यांदा निप्पलचं डोकं हातात आलं. मी शेजारी स्टुलावर चहा पीत होतो आणि एक शब्द बोललो नाही. आता माहीत आहे: आदल्या रात्री गंज सुटायचं तेल सोडायचं, बॉडी हीटगननं तापवायची, सहा कोपऱ्यांचा रिंग पाना नीट बसवायचा, आधी किंचित आवळून मग सोडवायचं. आणि पंप गाडीवर घट्ट बसलेला असतानाच हे करायचं.

“आतनं जाम झालंय की ओ, साहेब. पंपच गेला. नवा घालाय पायजे, पुण्यासनं मागवतो.”

चौदा हजार पाचशे. अर्धे आधी, अर्धे नंतर, सगळे रोख. बिल? “बिल केलं तर जीएसटी तुमच्यावरच बसतोय.” जुना पंप मागितला तर म्हणाला, तो पार्टवाल्याला परत द्यावा लागतो. नव्याचा खोका? फेकला. मी मान डोलावली. शिकलेला माणूस असं गप्प कसं बसतो, हे घरी बायकोनं विचारलं, उत्तर अजून दिलेलं नाही.

घाटातून आणल्यावर कव्हर स्वतः उघडलं. निप्पलभोवती ऑइल पाझरलेलं, आणि जिथं पाझरलं तिथं पंपाचा चंदेरी रंग फुगून सालपटासारखा निघत होता. ब्रेक ऑइल रंग खातं, हे मिस्त्रीला माहीत नसेल असं नाही. बोटानं पुसलं. खाली तीन बारीक दातांच्या खुणा, ओळीत. मे महिन्यातल्या त्याच ग्रिप प्लायरच्या.

पंप बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्या मामांकडे नेला. त्यांनी निप्पल सोडवलं, त्यावर गुंडाळलेला टेफ्लॉन टेप नखानं ओढून माझ्यासमोर धरला. “हे नळाचं काम झालं. निप्पल आट्यांवर अडत नाही, टोकाच्या शंकूवर अडतंय.” मोडकं निप्पल काढताना ड्रिल तिरकं घातलं होतं, त्यात तो शंकू जिथं टेकतो ती आतली बैठकच खाल्ली गेली होती. मामांनी बैठक पुन्हा कापली, बुश मारून नवे आटे पाडले, कीस धुऊन काढला. साडेचारशे रुपये. निप्पलचे वेगळे, मी बाहेरून आणलं.

गॅरेजला गेलो, फोटो दाखवले. आधी “हा पंप नवाच हाय” म्हणाला, मग “पोरानं बदललं असेल”, शेवटी गिऱ्हाइकं जमायला लागल्यावर गल्ल्यातून चार हजार काढून दिले. बाकीचे “शुक्रवारी”. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन लावला, तक्रार नोंदवताना पहिलाच प्रश्न आला: बिल आहे का? बिल मागूनही न देणं ही २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित प्रथाच आहे, पण मी पैसे दिल्याचा कागद माझ्याकडे एकही नव्हता. मे महिन्यात फोनवरून पाठवले असते तर निदान तेवढं तरी असतं.

असे चार शुक्रवार गेलेत. आता तो माझा फोन उचलत नाही.