अहिल्याबाईंची दिनदर्शिका आणि विकत घेतलेले बारा फोटो

३१ मे २०२५ ला देवी अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षं झाली. इंदूरच्या मराठी माणसाला ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. सुदामानगरातल्या आमच्या छोट्या मंडळाने त्या वर्षाची दिनदर्शिका काढायचं आदल्या गणपतीतच ठरवलं. महिन्याला एक फोटो, आणि फोटोत त्यांनी बांधलेली किंवा जीर्णोद्धार केलेली एक जागा: महेश्वरचा घाट, काशी विश्वनाथ, गयेचं विष्णुपद, सोमनाथ, वेरूळचं घृष्णेश्वर. मी मंडळाची चिटणीस. मजकूर मी लिहिला, वर्गणी मी गोळा केली आणि फोटोही मीच विकत घेतले. म्हणून झालेलं सगळं मीच सांगायला हवं.

पाचशे प्रती, १२ बाय १८ इंच, कव्हर धरून तेरा पानं, वर टिनपट्टी, किंमत १५० रुपये. प्रत्येक पानाच्या तळाशी चार दुकानदारांच्या जाहिरातींची पट्टी. हे तपशील लक्षात ठेवा, पुढे प्रत्येकाचा संबंध येतो.

काशी, गया, सोमनाथचं प्रभासपाटण असं फिरून फोटो काढणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. ओळखीतल्या एकांनी एका गृहस्थांचा नंबर दिला, ‘स्टॉक फोटो’, म्हणजे आधीच काढून विकायला ठेवलेले फोटो, पुरवतात म्हणून. ते घरी आले. बोलणं स्वच्छ मराठी, आजोळ देवासचं म्हणाले. चहा घेतला, कच्चा आराखडा बघितला आणि म्हणाले, “ताई, आईसाहेबांच्या कामात मी नफा बघणार का?” त्या एका वाक्यावर मी विरघळले. इंदुरात आपल्या भाषेत, आपल्या माणसासारखं कुणी बोललं की आपण पुढचे प्रश्न गिळतो. त्यांना ते नेमकं ठाऊक होतं.

त्यांचं म्हणणं असं: फोटोच्या कंपन्यांकडून थेट घेतलं तर एकेका फोटोला सहा-सात हजार पडतील. त्यांच्याकडे वर्षाचं सबस्क्रिप्शन आहे, त्यातून ते उतरवून देतील, फोटोला दीड हजार. “सगळे रॉयल्टी फ्री आहेत, पुन्हा कधी कुणाला एक पैसा द्यायचा नाही.” बारा फोटोंचे १८,००० रुपये मी यूपीआयने दिले. खात्यावर नाव भलतंच दिसलं. विचारलं तर मिसेसचं खातं आहे म्हणाले. दोन दिवसांत फोटो आले, सोबत प्रत्येक फोटोचं ‘लायसन्स सर्टिफिकेट’, वर कंपनीचा लोगो, खाली लांबलचक नंबर. प्रिंट काढून मी ते फाइलला लावले. फार निश्चिंत वाटलं होतं.

खरं तर पहिली खूण तेव्हाच मिळाली होती. सोमनाथचा म्हणून त्यांनी पाठवलेला फोटो समुद्रकाठच्या मोठ्या देवळाचा होता. त्या देवळात प्राणप्रतिष्ठा झाली १९५१ साली. अहिल्याबाईंनी १७८३ साली बांधलेलं देऊळ त्याच्या जवळच आहे, पण वेगळं आणि लहान. मी सांगितल्यावर त्यांनी तासाभरात दुसरा फोटो पाठवला. मला त्यांची तत्परता दिसली. कुठला फोटो कुणी, कुठे काढला हे ज्याला माहीतच नाही, त्याने तो कुठून आणला असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

दुसरी खूण प्रेसवाल्या काकांनी दाखवली. चाळीस वर्षं छपाईत घालवलेला माणूस. स्क्रीनवर फोटो मोठा करून म्हणाले, “ताई, हा फाटतोय.” मी म्हटलं, पिक्सेल तर पुरेसे आहेत. आमच्या पानावर फोटोची जागा ११ बाय ८ इंच. ऑफसेट छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे ३३०० बाय २४०० लागतात, आणि फाइल बरोबर तेवढीच होती. काका म्हणाले, तेच तर खटकतंय. बाराच्या बारा फोटो अगदी याच मापाचे कसे? एखादा जुन्या कॅमेऱ्याचा, एखादा नव्या, एखादा उभा, एखादा कापलेला, असं काही तरी असणारच. कुणीतरी छोटे फोटो ताणून मोठे केले होते. पिक्सेल वाढतात, पण नसलेला तपशील येत नाही. शंभर टक्क्यांवर बघितलं की घाटाच्या पायऱ्या मेणासारख्या गुळगुळीत दिसत होत्या आणि कळसाच्या कडेने पांढरी रेघ होती. काकांनी काढलेल्या छोट्या डिजिटल प्रूफवर, म्हणजे नमुना प्रतीवर, हे काही जाणवलं नाही. डिसेंबर लागला होता, जाहिरातदार घाई करत होते. मी छपाईच्या प्लेट काढायला सांगितलं.

जानेवारीत मंडळाने फेसबुकवर बाराही पानं टाकली. पंधरा दिवसांनी मेल आला. बाहेरगावचे एक छायाचित्रकार होते. मे महिन्याचा महेश्वरचा फोटो माझा आहे, तुम्ही तो कुठल्या लायसन्सवर छापला, अशी सभ्य विचारणा होती. मी अभिमानाने सर्टिफिकेट पाठवलं. ज्या एजन्सीतर्फे ते फोटो विकतात तिला त्यांनी नंबर कळवला. असा नंबर आमच्याकडे नाहीच, असं उत्तर आलं. मग मी बाराही सर्टिफिकेटं शेजारी शेजारी मांडली. नऊ सर्टिफिकेटांवर एकच नंबर होता, आणि लायसन्स कुणाला दिलं या ओळीत मंडळाचं नाव कुठेच नव्हतं. फोटो विकणाऱ्या गृहस्थांच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: मध्य प्रदेशाचा २३, महाराष्ट्राचा २७. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला तर वेगळ्याच धंद्याचं नाव आलं. हे शोधायला पाच मिनिटं लागली. पैसे द्यायच्या आधी ती पाच मिनिटं काढली असती तर, हा विचार अजून जात नाही.

त्यानंतर मी या विषयाचं जे वाचलं, विचारलं, ते सविस्तर लिहिते, कारण स्मरणिका, पत्रिका, दिनदर्शिका सगळीच मंडळं छापतात.

‘रॉयल्टी फ्री’ म्हणजे फुकट नव्हे, आणि बिनअटीचं तर नव्हेच. एकदा पैसे भरायचे, मग दर वापराला वेगळी रॉयल्टी द्यावी लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हक्क छायाचित्रकाराकडेच राहतात, तुम्हाला मिळते वापरायची परवानगी. ती तुमच्या नावाने, तुमच्या खात्यावर असते. दुसऱ्याच्या सबस्क्रिप्शनमधून ‘उतरवून’ घेतलेला फोटो त्या दुसऱ्याच्या नावावर राहतो, आपल्याकडे फक्त फाइल येते. त्यातही साधं लायसन्स असतं आणि वाढीव लायसन्स असतं. साध्यावर माहितीपत्रक, जाहिरात, पुस्तकातलं चित्र असं छापता येतं, लाखो प्रतींपर्यंत. पण ज्या वस्तूची विक्री बऱ्याच अंशी त्या फोटोवरच होते, म्हणजे दिनदर्शिका, शुभेच्छापत्र, कप, त्यासाठी बहुतेक एजन्स्या वाढीव लायसन्स मागतात. आमची दिनदर्शिका १५० रुपयांना विकायची होती. म्हणजे त्या गृहस्थांचं सबस्क्रिप्शन खरं असतं तरी आम्ही चुकीच्याच लायसन्सवर उभे होतो.

तिसरी गोष्ट मला मुळीच माहीत नव्हती. काही फोटोंवर ‘केवळ संपादकीय वापरासाठी’ अशी अट असते. फोटोतल्या माणसाची लेखी संमती घेतलेली नसली की ही अट येते. असा फोटो बातमीत किंवा लेखात चालतो, जाहिरातीत चालत नाही. आमच्या मार्चच्या पानावर मागावर बसलेली महेश्वरची एक विणकर बाई आहे, आणि तिच्या खाली साडीच्या दुकानाची जाहिरात. मूळ फोटो सापडला तेव्हा त्यावर नेमकी हीच अट होती. त्या बाईला कुणी विचारलं नव्हतं, आणि आम्ही तिचा चेहरा एका दुकानाच्या नावावर छापला. पैशांपेक्षा हे मला जास्त लागलं.

आणि सर्वांत संताप आणणारं हे. गूगल लेन्समध्ये एकेक फोटो टाकून शोधताना दोन फोटो विकिमीडिया कॉमन्सवर निघाले. तिथे ते कुणालाही विनामूल्य घेता येतात, छापून विकताही येतात. अट एवढीच, की छायाचित्रकाराचं आणि परवान्याचं नाव द्यायचं. आम्ही त्या दोन फोटोंचे तीन हजार रुपये मोजले, आणि ज्यांनी ते जगाला मोकळ्या मनाने दिले त्यांचं नाव मात्र छापलं नाही.

मंडळातल्या एकांचा मुलगा वकील आहे, त्याने कायदा समजावून सांगितला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोवर छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क असतो. परवानगी हक्कदाराने लेखी द्यावी लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरती. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. आम्ही जाणूनबुजून केलेलं नव्हतं, पण “आम्हाला विकणाऱ्याने सांगितलं” एवढ्यावर हक्कदाराचा दावा संपत नाही, असं तो स्पष्ट म्हणाला.

महेश्वरवाल्या छायाचित्रकारांना मी फोन केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी बारा हजार मागितले होते, ते सहावर आले, आणि त्या पाचशे प्रतींपुरती लेखी परवानगी दिली. परवानगीचा खरा कागद मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यावर त्यांचं नाव, मंडळाचं नाव, कुठला फोटो, किती प्रती, कोणतं वर्ष, हे सगळं होतं. लोगो नव्हता. महेश्वर आमच्यापासून नव्वदेक किलोमीटर. तिथे चांगले फोटो काढणारे आहेत. सकाळी निघून, कुणाला योग्य पैसे देऊन, असाच कागद घेऊन संध्याकाळी घरी येता आलं असतं.

कॉमन्सच्या दोन फोटोंखाली नावांच्या पट्ट्या छापून उरलेल्या प्रतींवर चिकटवल्या, फेसबुकवरची पानं काढली. मार्चचं पान उरलेल्या प्रतींतून फाडलं आणि त्या दुकानदारांना जाहिरातीचे पैसे परत केले. बाकीच्या फोटोंपैकी ज्यांचे मालक सापडले त्यांना मी पत्रं लिहिली आहेत.

त्या गृहस्थांचा फोन बंद आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर मी कळवलं, पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, पैसे कधी गेले? अडीच महिने झाले होते. लगेच कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येऊ शकते, असं तो म्हणाला. तक्रारीला यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपचं संभाषण, बिल आणि सर्टिफिकेटं जोडली आहेत. या माणसाकडून कुणी फोटो घेतले असतील तर मंडळात येऊन मला भेटा, ही फाइल मी दाखवीन.

एक राहिलं. पितृपक्ष येतो म्हणून सप्टेंबरच्या पानावर आम्ही गया घेतलं होतं. अहिल्याबाईंनी १७८७ साली बांधलेलं विष्णुपद मंदिर, फल्गूच्या काठचं. आमच्या शेजारच्या काकू सासऱ्यांच्या पिंडदानाला तिथे जाऊन आलेल्या. दिनदर्शिका हातात घेऊन त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “अगं, हे गयेचं देऊळ नव्हे.” मी ताडून पाहिलं. विष्णुपदाचं शिखर अष्टकोनी, करड्या दगडाचं. आमच्या फोटोतलं ते नाहीच. ते कुठलं आहे, हे मला अजून सापडलेलं नाही. साडेतीनशेहून जास्त प्रती घराघरांत गेल्या आहेत. ज्यांच्या भिंतीवर ती असेल त्यांनी सप्टेंबरच्या फोटोखालची ओळ खोडावी. देऊळ ओळखीचं वाटलं, तर मला कळवावं.