ई-निविदांचे चौदा महिने: नामफलकांच्या एका लहान कारखान्याचा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा नामफलक आणि दिशादर्शक फलक बनवण्याचा कारखाना आहे. एक सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर पत्रे कापणारे व कोरणारे यंत्र), एक व्हिनाइल कटर, पाच कारागीर आणि मी. दुकानांच्या पाट्यांपलीकडे बांधकाम प्रकल्पांची कामे मिळवावीत म्हणून मी तिसऱ्या वर्गाची डिजिटल स्वाक्षरी घेतली आणि महाटेंडर्स या राज्य शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावर नोंदणी केली. चौदा महिन्यांत अकरा निविदा भरल्या, त्यांपैकी दोन मिळाल्या. याच काळात मुख्य ठेकेदारांकडून मात्र सहा कामे आली, आणि ती सहाही मला याच संकेतस्थळावरून हेरता आली.

याचे कारण साधे आहे. रुग्णालय, शाळा किंवा प्रशासकीय इमारत यांच्या निविदेत फलकांचे काम शेकडो बाबींच्या दरपत्रकात तीन-चार ओळींचे असते, आणि उलाढालीच्या व पूर्वानुभवाच्या अटी इमारत बांधणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून घातलेल्या असतात. तेथे आमच्यासारख्याने थेट बोली लावण्यात अर्थ नाही. परंतु निविदेची कागदपत्रे नोंदणी न करताही उतरवून घेता येतात आणि काम कोणाला मिळाले तेही पुढे तेथेच कळते. फलक इमारतीत सर्वांत शेवटी लागतात. म्हणजे ठेकेदाराचे नाव कळल्यापासून नमुने दाखवायला, दर समजावून सांगायला आणि ओळख वाढवायला कित्येक महिने हाताशी असतात. हा वेळ हीच या संकेतस्थळाची माझ्या मते सर्वांत मोठी देणगी आहे.

प्रत्यक्ष निविदा भरताना शिस्त लागते. दरपत्रकाच्या एक्सेल फाइलचे नावसुद्धा बदलायचे नसते. पहिल्याच वेळी मी सवयीने त्यात कारखान्याचे नाव जोडले, फाइल नाकारली गेली, आणि मुदत संपायला तासभर उरला असताना सारे दर पुन्हा भरावे लागले. मुदत आपल्या घड्याळावर नव्हे, तर पानावर दिसणाऱ्या सर्व्हरच्या वेळेवर मोजली जाते. शुद्धिपत्रकावरही लक्ष ठेवावे लागते, कारण फलकांची मापे कधी कधी त्यातच बदललेली असतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्राकडील नोंदणी, आहे म्हणून बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) माफ होईलच असे गृहीत धरू नये. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचे २०१२ चे खरेदी धोरण केंद्राची मंत्रालये, विभाग आणि सार्वजनिक उपक्रम यांच्यासाठी आहे, आणि तेही माल व सेवांच्या खरेदीपुरते. राज्यातील निविदेत सूट आहे की नाही, ते त्या-त्या सूचनेतच वाचावे.

दर कसा काढावा, हे मला एका रुग्णालयाच्या कामाने शिकवले. दरपत्रकात दारांवरच्या पाट्या १४० लिहिल्या होत्या. सर्व मजल्यांचे नकाशे कापणीच्या टेबलावर पसरून आम्ही लाल पेन्सिलीने एकेक दार मोजले, तेव्हा ती १६३ भरली. मूळ कंत्राट बाबनिहाय दरांचे असल्याने ठेकेदाराला मोजमापाप्रमाणे पैसे मिळणार होते. मला मात्र एकरकमी आदेश देऊ केला होता, म्हणजे वरच्या तेवीस पाट्या माझ्या खिशातून गेल्या असत्या. मी आदेश नगनिहाय करून घेतला. तरीही एक गोष्ट निसटली. कॉरिडॉरमध्ये भिंतीतून काटकोनात बाहेर येणारे ५८ फलक होते आणि भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, होत्या. नेहमीचे प्लास्टिकचे प्लग त्या भुसभुशीत ब्लॉकमध्ये स्क्रू आवळताच गरगर फिरू लागले, आणि हाताने जरा ओढले तरी पांढऱ्या भुकटीसह फलक बाहेर येई. एएसीसाठीचे वेगळे प्लग मागवून सारे पुन्हा बसवण्यात दोन माणसांचे चार दिवस गेले. तेव्हापासून भिंत कशाची आहे, त्यावर ग्रॅनाइट येणार आहे का आणि परांची कोण देणार, हे विचारल्याशिवाय मी दर देत नाही. एसीपी (ॲल्युमिनियमचे थर असलेला पत्रा) आणि ॲक्रिलिकचा हिशेब कोणालाही जमतो. बोली चुकते ती बसवणीत.

थेट मिळालेली दोन्ही कामे रस्त्यांवरील फलकांची होती. तेथे आयआरसी ६७ या रस्ता-फलकांच्या मानकाप्रमाणे रेट्रो-रिफ्लेक्टिव्ह (दिव्याचा प्रकाश वाहनाकडे परत फेकणाऱ्या) शीटचा प्रकार नेमका दिलेला असतो. शीटच्या प्रकारागणिक किमतीत मोठा फरक पडतो, त्यामुळे तो शब्द वाचायचा राहिला तर काम मिळूनही तोटाच होतो.

राहता राहिले पैसे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार, लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघु पुरवठादाराला माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. एका ठेकेदाराने चार महिने बिल अडकवून ठेवले होते. शेवटी मी तेव्हाच्या, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३ब(एच) कडे त्यांच्या हिशेबनिसांचे लक्ष वेधले. या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, खर्च म्हणून वजा करता येत नसे. मार्च संपण्यापूर्वी रक्कम जमा झाली. आता प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि देय दिनांक ठळक छापतो, आणि पुरवठा व बसवणी आदेशातच वेगळ्या ओळींवर लिहून घेतो. रुग्णालयाच्या कामाची पाच टक्के धारण रक्कम (बिलातून राखून ठेवलेला भाग) दोषदायित्वाचा, म्हणजे दोष निघाल्यास दुरुस्तीची जबाबदारी आमच्यावर असण्याचा, काळ संपल्यावर मिळायची आहे. ती हातात येईपर्यंत त्या कामाचा नफा मी वहीत धरलेला नाही.