लातुरात ताम्हण : ३४ महिन्यांनंतर

जुलै २०२२ मध्ये लावलेल्या ताम्हणाला या मे महिन्यात पहिला तुरा आला. महाराष्ट्राचं राज्यफूल आपल्याकडच्या उन्हात तगेल का, असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

रोप घेतानाच नीट बघा. रोपवाटिकेतून पहिल्यांदा ताम्हण म्हणून आणलं, ते त्याच्याच जातकुळीतलं चिनी झुडूप निघालं. त्याची पानं बोटाच्या दोन पेरांएवढी. ताम्हणाची हाताच्या पंजाएवढी, जाड. एक पावसाळा त्यात वाया गेला.

हे मूळचं ओढ्याकाठचं झाड. २०१६ मध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे ते लावायचं म्हटल्यावर अण्णा नाराज होते. पण डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी दिवसभर साठवून चार दिवसांआड दोन बादल्या घातल्या, तेवढ्यावर दोन उन्हाळे निघाले. फिल्टरचं वाया जाणारं पाणी मात्र घातलं नाही, त्यात क्षार फार. खरा त्रास दिला काळ्या मातीने. एप्रिलमध्ये आळ्यातच बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि एका बाजूची पानं करपली. भेगा बुजवून वर उसाच्या पाचटाचा वीतभर थर दिला, तेव्हा कुठे झाड सावरलं. पाचट पहिल्या दिवसापासून घालायला हवं होतं.

हिवाळ्याच्या शेवटी पानं तांबूस होऊन गळतात. पहिल्या वर्षी मी घाबरले, झाड गेलंच असं वाटलं. मार्चमध्ये नवी पालवी फुटली. ऐन उन्हं तापायला लागतात तेव्हा झाड उघडं असतं, त्यामुळे फक्त सावलीच हवी असेल तर कडुलिंब लावा. नव्या फुटव्याच्या शेंड्यालाच तुरा येतो, म्हणून पालवी फुटल्यावर छाटणी करू नका.

आता फुलाबद्दल. सहा पाकळ्या, कडा चुरगळलेल्या, अगदी डाळिंबाच्या फुलासारख्या. दोन्ही एकाच कुळातली, मेंदीही त्यातलीच. उमलताना गर्द जांभळं असतं, पुढे रंग फिका होत जातो, त्यामुळे एकाच तुऱ्यात वर गडद आणि खाली फिकट फुलं दिसतात. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. सकाळी काळे भुंगे त्यात असे लोळतात की अख्खा तुरा हलतो. नाराज असलेले अण्णा हल्ली खुर्ची तिथेच टाकून बसतात.

खाली हिरवी गोल बोंडं धरायला लागलीत. ती वाळून तडकली की पंखवालं बी मिळेल. शेजारच्या काकूंनी आत्ताच मूठभर सांगून ठेवलंय.