टायमिंग बेल्ट बदलायचाय: घरी, ओळखीच्या गॅरेजात की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला?

जुनी डिझेल गाडी घेताना मालक हमखास म्हणतो, "बेल्ट मागच्याच वर्षी बदललाय." बिल मागितलं की ते सापडत नाही. अशा वेळी बेल्ट बदललेलाच नाही असं धरून चालावं. गाडी घरी आली की पुढचा प्रश्न उभा राहतो: हे काम करायचं कुठे?

त्याआधी एक खात्री करून घ्या. टायमिंग बेल्ट म्हणजे पिस्टनला जोडलेला क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम हे दोन दांडे जुळवून फिरवणारा दातेरी रबरी पट्टा. तुमच्या इंजिनात बेल्ट आहे ना? स्विफ्ट, रिट्झ, इंडिका व्हिस्टा यांतल्या १२४८ सीसीच्या फियाट मल्टिजेटला चेन असते, त्यामुळे त्या गाडीवाल्यांचा हा विषयच नाही. जुनी इंडिका, ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय, व्हेंटो १.६ टीडीआय या बेल्टवाल्या. मी इथे हिशेब मांडतोय तो रेनोच्या १४६१ सीसी के९के इंजिनाचा. २००७ साली आलेली, महिंद्राच्या नाशिक कारखान्यात जुळवलेली लोगन, तिचीच पुढे झालेली व्हेरिटो, शिवाय डस्टर, टेरानो, सनी आणि मायक्रा डिझेल, या सगळ्यांत हेच इंजिन. म्हणजे रस्त्यावर अजून भरपूर आहे.

या इंजिनात बेल्ट तुटला किंवा त्याचे दात सरकले, तर पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं. चेन निदान खडखडाट करून आधी सांगते, बेल्ट बहुतेकदा काहीच सांगत नाही. वरचं कव्हर काढून बघितलं, रबर चकाचक दिसलं, म्हणून निश्चिंत होऊ नका. रबर वयानेही थकतं. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं असे दोन आकडे असतील तर जो आधी येईल तो धरायचा. महिन्यातून दोनदा मंडईत जाणाऱ्या गाडीला वर्षांचाच आकडा लागू होतो.

घरी करायचं तर

काम कल्पनेपेक्षा सोपं आहे आणि जागा कल्पनेपेक्षा वाईट. इंजिन आडवं बसवलेलं, बेल्टची बाजू उजव्या चाकाकडे, आणि मध्ये हात जाईल एवढीच फट. उजवं चाक आणि आतलं प्लास्टिक काढायचं, संपखाली (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) लाकडी ठोकळा ठेवून जॅकवर इंजिन तोलायचं आणि उजवीकडचं माउंटिंग सोडायचं. या क्षणापासून गाडी ढकलूनही बाजूला करता येत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम काढणाऱ्याने शेजाऱ्याची गाडी सकाळी कुठून निघते ते आधीच बघून ठेवावं. पेव्हर ब्लॉकवर जॅकस्टँड थेट ठेवू नका, ब्लॉक खचतो. खाली जाड प्लायचा तुकडा घाला. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका.

खरी कसोटी लॉकिंगची, म्हणजे क्रँक आणि कॅम नेमक्या जागी आणण्याची. के९केला दोन पिना लागतात. एक ब्लॉकवरचं बूच काढून तिथे पिळायची. क्रँक घड्याळाच्या दिशेने हलकेच फिरवत तिला टेकवायचा. दुसरी ८ मिलिमीटरची, कॅमच्या चाकातल्या भोकातून हेडमध्ये जाणारी. ही बोटांनी सरकली पाहिजे. हातोडी मारायची इच्छा झाली तर समजा टायमिंग जुळलेलं नाही. पिना फक्त जागा दाखवायला असतात. क्रँकच्या टोकावरच्या पुलीचा बोल्ट सोडताना क्रँक अडकवून धरायला पिनेचा वापर केलात तर पिन वाकेल, नाहीतर ब्लॉकला इजा होईल. बोल्ट सोडताना पिन बाहेर हवी; गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून कुणालातरी ब्रेक दाबून बसवायचं.

नवा बेल्ट चढला की टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणारी पुली) मध्यापासून सरकलेली चकती ॲलन कीने फिरवून त्यावरचा काटा खुणेवर आणायचा आणि नट आवळायचा. पिना काढून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, तोही सरळच, उलटा कधी नाही. फिरवताना कुठे कठीण अडथळा लागला तर जोर न लावता थांबायचं. दोन फेऱ्यांनंतर पिना पुन्हा आपणहून बसल्या आणि काटा जागेवर राहिला, तरच काम झालं. काटा सरकला असेल तर टेन्शन पुन्हा लावा. हे दोन फेरे हीच अख्ख्या कामाची परीक्षा आहे, आणि घाईत हेच गाळले जातात.

सामानात टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) हवाच. पुलीचा बोल्ट नवा घ्यायचा. तो आधी ठरलेल्या टॉर्कने आणि मग ठरलेल्या कोनाने आवळायचा असतो. इथे अंदाजपंचे चालत नाही. टॉर्क रेंच, कोन मोजायची चकती, ताऱ्याच्या आकाराचे सॉकेट, स्टँड, पिना हे सगळं घरात नसेल तर नुसत्या मजुरीच्या बचतीसाठी घरी करण्यात फारसा अर्थ नाही. हे काम इतक्या वर्षांनी एकदा निघतं की हत्यारांचे पैसे निघत नाहीत. ज्याच्याकडे ती आधीच आहेत, दुसरी गाडी दारात आहे आणि शनिवार-रविवार मोकळा आहे, त्याने जरूर करावं.

एक गोष्ट अनेकांना उलटी वाटेल. तुलनेने नवं कॉमन रेल इंजिन या कामात जुन्यापेक्षा थोडं सोपं असतं. त्यात डिझेल कधी मारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, सेन्सर बघून. डिस्ट्रिब्युटर पंपाच्या इंजिनात, उदाहरणार्थ झेन आणि एस्टीम डिझेलमधल्या १५२७ सीसी प्यूजोत, पंप बेल्टवरच फिरतो आणि डिझेल मारण्याची वेळही बेल्टच ठरवतो. पंपाचा एक दात चुकला की गाडी धूर सोडते, सकाळी सुरू व्हायला रडते. टीडीआयमधलं पीडी इंजिन मात्र घरी उघडू नका असंच सांगेन. तिथे इंजेक्टरही कॅमच दाबतो, त्यामुळे बेल्टवरचा भार वेगळा आणि टायमिंगची सहनशीलता कमी.

ओळखीचं गॅरेज

व्हेरिटो टॅक्सीत खूप चालली. म्हणून टॅक्सीवाले जिथे जातात ते गॅरेज शोधा. त्या मेकॅनिकचा हात या इंजिनावर बसलेला असतो. मजुरी कमी, अर्ध्या-एका दिवसात गाडी हातात.

अडचण पद्धतीची आहे. बऱ्याच ठिकाणी पिना वापरत नाहीत. जुन्या बेल्टवर आणि चाकांवर व्हाइटनरने खुणा करतात, त्या नव्या बेल्टवर उतरवतात आणि चढवतात. बहुतेक वेळा चालूनही जातं. पण आधीच्याने एक दात चुकवला असेल तर तीच चूक नव्या बेल्टवर उतरते. शिवाय बेल्ट काढला की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलतात आणि खूण जागची हलते. म्हणून गाडी टाकण्याआधी एवढंच विचारा: "पिना आहेत का तुमच्याकडे?" उत्तर "गरजच पडत नाही" असं आलं तर दुसरं गॅरेज बघा.

किट स्वतः आणून द्या. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र असलेलंच घ्या. के९केमध्ये वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो. पंपाचं बेअरिंग बसलं किंवा कूलंट गळून बेल्टवर आलं, तर नवा बेल्टही वाया आणि सगळी मजुरी दुसऱ्यांदा. नुसता बेल्ट बदलून पैसे वाचवणं मला तरी कधीच पटलेलं नाही. कॅम किंवा क्रँकच्या ऑइल सीलजवळ ओल दिसली तर ती त्याच वेळी बदला. पुण्यात नाना पेठेत गेट्स, कॉन्टिटेक, डेको अशी नावं मिळतात, पण नकली मालही फिरतो. पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्या.

काढलेले जुने भाग परत मागा आणि दोन फेरे फिरवताना तिथे उभे राहा. चांगला मेकॅनिक याने रागावत नाही.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर

इथे हत्यारं आणि टॉर्कचे आकडे हाताशी असतात, कामाची नोंद राहते, आणि गाडी विकताना ते बिल उपयोगी पडतं. बाहेरून आणलेलं किट मात्र सहसा घेत नाहीत. अंदाजपत्रकात नीट बघा: वॉटर पंप आणि टेन्शनर आहेत की नुसता बेल्ट? कूलंट धरलंय का? दोन ठिकाणच्या रकमांत मोठा फरक दिसतो तो बऱ्याचदा याच ओळींमुळे. रेनोने भारतात २०२०मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर डिझेल बंद केलं. त्यामुळे आता हे काम तिथे रोजचं राहिलेलं नाही. आधी फोन करून हे इंजिन हाताळलेला माणूस आहे का ते विचारलेलं बरं.

माझा कौल बहुतेकांसाठी गॅरेजला आहे. घरी करण्यामागचं खरं कारण पैसा नसतो, दुसऱ्याने पंप खरंच बदलला का हा संशय असतो. स्वतःचं किट आणि डोळ्यांसमोरचे दोन फेरे यांनी तो संशय बराच मिटतो. गाडी दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर सर्व्हिस सेंटरचे जादा पैसे वसूल होऊ शकतात. पंधरा वर्षं भरत आली असतील, तर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर भरून गाडी ठेवायची आहे का, हे बेल्टच्या आधी ठरवा.

आणि बेल्ट चालत्या गाडीत तुटलाच असेल, तर यातला घरचा पर्याय बाद. नवा बेल्ट चढवून "बघू, सुरू होतेय का" म्हणत स्टार्टर मारू नका. गाडी उचलून न्या आणि आधी सिलिंडरमधलं कॉम्प्रेशन (दाब) किंवा लीकेज तपासून घ्या. व्हॉल्व्ह वाकलेले निघाले तर हेड उतरवल्याशिवाय कुणीही दिलेल्या खर्चाच्या आकड्यावर विसंबू नका.