जांभ्याचे घर लेगोत रचताना: 'ब्रिकलिंक स्टुडिओ'च्या वापरानंतरचा अनुभव

लेगोच्या विटांतून स्वतःच्या मनाजोगती प्रतिकृती रचणाऱ्या मोठ्या माणसांसाठी 'ब्रिकलिंक स्टुडिओ' हे आज सर्वांत उपयोगी संगणकीय साधन आहे, असे माझे मत गेल्या काही महिन्यांच्या सलग वापरानंतर झाले आहे. या काळात मी त्यावर एकाच प्रतिकृतीचे काम केले: राजापूर तालुक्यातील आमच्या मूळ घरासारखे जांभ्याचे, मंगलोरी कौलांचे, पुढे पडवी आणि अंगणात तुळशीवृंदावन असलेले कोकणी घर. एकच विषय धरून राहिल्यामुळे साधनाची पारख नीट झाली, कारण लहानसहान मॉडेले करताना जे प्रश्न उद्भवतच नाहीत, ते घरावर छप्पर चढवायची वेळ आली की टाळता येत नाहीत. पडद्यावर सुंदर दिसणारे मॉडेल थोड्या सरावाने कोणालाही जमेल इतके हे साधन सोपे आहे. त्याचे खरे मोल मात्र, हाताने बांधता येईल असेच मॉडेल रचायचे, असा निश्चय करून बसल्यावर कळते.

साधनाची ओळख थोडक्यात करून देते. ब्रिकलिंक ही लेगोच्या सुट्या भागांची ऑनलाइन बाजारपेठ डॅन जेझेक यांनी २००० मध्ये सुरू केली आणि २०१९ मध्ये ती लेगो समूहाने विकत घेतली. लेगोचे स्वतःचे जुने 'डिजिटल डिझायनर' २०२२ मध्ये बंद झाले आणि त्याची जागा स्टुडिओने घेतली. ते विंडोज आणि मॅक या दोन्हींवर विनामूल्य चालते. जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या, लेगोची मॉडेले संगणकात नोंदवण्याच्या 'एलड्रॉ' पद्धतीच्या फाइलीही त्यात उघडता येतात, आणि ज्यांना मोजमापाची आवड आहे त्यांनी एलड्रॉचे एकक समजून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. ते एकक ०.४ मिलिमीटरचे असते, म्हणून एक स्टड (विटेच्या माथ्यावरचा गोल उंचवटा) रुंदीची वीट २० एकके रुंद, २४ एकके उंच आणि प्लेट, म्हणजे विटेसारखाच पण चपटा तुकडा, ८ एकके जाड भरते. एवढे आकडे पाठ झाले की अर्धे गणित तोंडी करता येते.

प्रमाण ठरवताना मी लेगोच्या माणसाला धरून चालले. तो सुमारे ४ सेंटीमीटर उंचीचा असतो, त्यामुळे १:४२ च्या आसपासचे प्रमाण घरासाठी सोयीचे ठरते. या प्रमाणात एक वीट प्रत्यक्षातील ४० सेंटीमीटर उंचीची आणि एक प्लेट सुमारे १३ सेंटीमीटर जाडीची होते. जांभ्याच्या चिऱ्याची उंची या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडते, म्हणून नुसत्या विटांची भिंत फार ढोबळ दिसते आणि नुसत्या प्लेटींची भिंत महाग पडते. मी पुढची भिंत आणि जोते एवढेच प्लेटींच्या थरांनी दाखवले आणि बाजूच्या भिंती गिलावा केलेल्या आहेत असे मानून पांढऱ्या विटांच्या ठेवल्या. कोकणात अशी घरे कितीतरी आहेत, त्यामुळे ही तडजोड खोटी वाटत नाही.

छपरावर मात्र माझा सर्वाधिक वेळ गेला आणि तो गेल्याचा मला आनंद आहे. लेगोच्या तयार उताराच्या विटा वापरल्या तर छपराला पायऱ्या पडतात आणि प्रत्येक पायरीवर आडवी रेघ उमटते, ती कौलांची रेघ वाटत नाही. म्हणून दोन्ही पाखी सपाट प्लेटींची करून ती बिजागरीवर कलती ठेवायची, असे ठरले. अशा वेळी उताराची लांबी स्टडांच्या पूर्ण आकड्यात बसली नाही, तर आढ्यापाशी फट राहते किंवा पाखे पुढे सरकते. येथे ३-४-५ चा जुना काटकोन त्रिकोण कामी येतो. पागोळीकडच्या बिजागरीच्या अक्षापासून आढ्यापर्यंतचे आडवे अंतर १६ स्टड, म्हणजे १२८ मिलिमीटर धरले आणि चढ १० विटांचा, म्हणजे ९६ मिलिमीटर ठेवला, की उताराची लांबी नेमकी १६० मिलिमीटर, म्हणजे २० स्टड येते. लेगोत आडवे माप ८ मिलिमीटरच्या पटीत आणि उभे माप ९.६ मिलिमीटरच्या पटीत चालत असूनही दहा विटांवर या दोन्ही मापांचा मेळ बसतो, हे मला फार देखणे वाटते. शिवाय हा कोन सुमारे ३७ अंशांचा होतो आणि धो धो पावसाच्या मुलखातील छपराला तो शोभतो.

कौलांचा प्रश्न यानंतर येतो. मंगलोर येथे बासेल मिशनने १८६५ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यापासून पसरलेले हे कौल आमच्या प्रमाणात जेमतेम एका स्टडएवढे उरते. कौल म्हणून एका स्टडचा छोटा उतारतुकडा, ज्याला सगळे 'चीज स्लोप' म्हणतात, तो ओळीने लावून पाहिला, तर पडद्यावर सावल्या फार सुरेख पडतात. पण त्याची उंची ६.४ मिलिमीटर आहे, म्हणजे प्रत्यक्षात २७ सेंटीमीटर जाडीचे कौल. ते डोळ्याला खुपते. त्याऐवजी एका बाजूने गोलाई असलेली एका स्टडची टाइल, म्हणजे वर स्टड नसलेला गुळगुळीत तुकडा, मी निवडली. ती प्लेटीइतकीच जाड असल्याने पाखे सपाट राहते आणि गोल कडांमधल्या फटींतून खालच्या प्लेटीचा गडद रंग दिसतो, त्यामुळे कौलांच्या रांगा आपोआप वेगळ्या उठून दिसतात. खालच्या प्लेटी गडद तपकिरी आणि टाइली तांबूस तपकिरी, अधूनमधून एखादी गडद नारिंगी, अशी रंगसंगती मला सर्वांत खरी वाटली, कारण जुन्या छपरावर दरवर्षी बदललेली चार-दोन नवी कौले अशीच वेगळी दिसतात.

रंगांच्या बाबतीत स्टुडिओ तुम्हाला भुलवू शकते. त्यात कोणताही भाग कोणत्याही रंगात रंगवता येतो, मग तो भाग त्या रंगात कधी तयार झालेला असो वा नसो. भाग ज्या रंगांत खरोखर निघाले आहेत तेवढेच रंग दाखवण्याची सोय त्यात आहे आणि ती पहिल्याच दिवशी सुरू करावी. गडद नारिंगी रंगात निघालेले भाग तुलनेने थोडे आहेत, त्यामुळे या एका सोयीने माझे अनेक विचार जागच्या जागी बदलले आणि मॉडेल त्यामुळे सुधारले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ब्रिकलिंकवरची रंगांची नावे आणि लेगोची अधिकृत नावे वेगळी आहेत. ब्रिकलिंकवर जो 'टॅन' तोच लेगोकडे 'ब्रिक यलो'. तसेच २००४ च्या सुमारास लेगोने करडा आणि तपकिरी हे रंग बदलले, म्हणून घरातल्या जुन्या विटा नव्यांत मिसळताना त्या उजेडात शेजारी धरून पाहाव्यात.

मॉडेल उभे राहील का, हे सांगणारी स्थिरतेची तपासणी आणि दोन भाग एकमेकांत घुसत नाहीत ना हे पाहणारी टकरीची तपासणी, या दोन्ही मी सतत चालू ठेवते. त्यांचा उपयोग मोठा आहे, पण पडद्याला वजन नसते आणि ताणही नसतो, हे विसरून चालत नाही. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे दोन स्टडांच्या मध्ये उभी खोचलेली प्लेट. स्टडांमधील जागा ३.२ मिलिमीटर आणि प्लेटीची जाडीही ३.२ मिलिमीटर, त्यामुळे हिशेबात ती चपखल बसते. प्रत्यक्षात मात्र तिथे भागांवर ताण येतो. लेगोचे डिझायनर जेमी बेरार्ड यांनी २००६ मध्ये केलेल्या एका सादरीकरणात अशा जोडण्या का टाळाव्यात हे सविस्तर सांगितले होते आणि ते आजही प्रत्येक नवख्याने अभ्यासावे असे आहे. माझ्या घराच्या दरवाज्याची उभी फळी अशा खाचेत बसवायचा मोह होत होता. तिच्यासाठी मी बाजूला स्टड असलेल्या विटा वापरल्या आणि चौकट एका प्लेटीने रुंद झाली, ते मला मान्य आहे.

बांधणीचा क्रम दाखवणारी पुस्तिका तयार करण्याची सोय अनेकजण शेवटी, मॉडेल पूर्ण झाल्यावर उघडतात. माझा सल्ला याच्या उलट आहे. प्रत्येक मोठा टप्पा संपला की त्या टप्प्याची पुस्तिका काढून पाहावी, कारण कुठला भाग कोणत्या बाजूने आत जाणार आणि त्या वेळी बोट तिथपर्यंत पोहोचणार का, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. पडवीचे खांब आधी, की पडवीचे छप्पर आधी, हे मला पुस्तिकेने ठरवून दिले. छप्पर, भिंती आणि जोते ही तीन उपमॉडेले स्वतंत्र ठेवल्यामुळे छप्पर अलगद उचलून माजघर दाखवता येते, आणि हा निर्णयही पुस्तिकेची पाने चाळतानाच सुचला.

छायाचित्रासारखी प्रतिमा काढून देणारा रेंडर फारच सुंदर येतो, यात शंका नाही. त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही, कारण मॉडेलवर चर्चा करायची असेल तर रेंडरचा फारसा उपयोग होत नाही. रेंडर पाहून लोक 'अप्रतिम' म्हणतात आणि बोलणे तिथेच थांबते. त्याऐवजी फाइलच पाठवावी, किंवा एका जोडणीचे जवळून काढलेले चित्र भागाच्या क्रमांकासह दाखवावे आणि नेमका एक प्रश्न विचारावा: ही बिजागरी एवढे वजन पेलेल का, हा कोपरा दुसऱ्या रीतीने वळवता येईल का. असे विचारले की जाणकार मंडळी आपापल्या फाइली उघडून चार वेगळ्या रचना करून पाठवतात.

हा छंद नसलेल्या माणसाचे मतही तितकेच घ्यावे. माझ्या आराखड्यात पागोळी उतारावर २ स्टड बाहेर होती. गावाकडच्या काकांना मी भ्रमणध्वनीवर चित्र पाठवले तेव्हा त्यांनी विटांबद्दल काहीच न विचारता म्हटले, "अगं, पागोळ्या सगळ्या जोत्यावर पडतील, पडवीत बसायचं कुठे पावसात?" मी हिशेब केला, तर छप्पर भिंतीबाहेर प्रत्यक्षातील अर्ध्या मीटरहून थोडेसेच जास्त येत होते. उतारावर ४ स्टड बाहेर काढल्यावर ते मीटरभर झाले, पडवीवर दाट सावली पडली आणि घराचा चेहराच बदलला. लेगोतले इतके जाणकार ते चित्र पाहत होते, पण पावसाळ्यात त्या पडवीत बसलेल्या माणसालाच ही गोष्ट दिसली.

खर्चाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. स्टुडिओतून भागांची यादी थेट ब्रिकलिंकच्या खरेदी-यादीत जाते आणि ही सोय मोहात पाडणारी आहे. भारतात खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले होते, त्यामुळे परदेशी विक्रेत्याकडे मागणी नोंदवण्यापूर्वी त्या दिवशीचा दर आणि टपालखर्च दोन्ही धरून हिशेब करावा. एकाच विक्रेत्याकडे सगळे भाग सहसा मिळत नाहीत आणि विक्रेते वाढले की टपालखर्चही वाढतो. म्हणून खरेदी-यादी पाठवण्यापूर्वी मी मॉडेलचे आत झाकले जाणारे आणि बाहेरून दिसणारे भाग वेगळे करते. भिंतींच्या पोटातल्या, जोत्याच्या आतल्या आणि कौलांखालच्या आधाराच्या विटांना रंगाची अट ठेवत नाही. त्या घरात पडून असलेल्या जुन्या संचांतून घेते, किंवा ज्या विक्रेत्याकडून टाइली येणार आहेत त्याच्याकडे ज्या रंगात स्वस्त मिळतील त्या रंगात मागवते. आमच्या घराच्या जोत्यात अशा रीतीने निळ्या, पिवळ्या आणि हिरव्या विटा बसल्या आहेत, आणि पैसा राखला तो छपरावरच्या टाइलींसाठी, कारण दोन्ही पाख्यांना मिळून त्या शेकड्यांनी लागतात.