टीजीएफ-बीटा-१ : दहा महिने, एक व्हायल आणि मी केलेलं भांडण

हा अनुभव मी जुलैतच लिहायला बसले होते. तेव्हा तो एका ओळीत आटोपला असता: घेऊ नका, पैसे पाण्यात. बरं झालं लाइट गेले. आज लिहितेय ते वेगळं आहे, पण राग पूर्ण गेलाय असं समजू नका.

वस्तू म्हणजे ह्युमन रिकॉम्बिनंट टीजीएफ-बीटा-१, पेशींना निरोप देणारं माणसाचं प्रोटीन. सीएचओ सेल्समध्ये (हॅम्स्टरच्या पेशींत) बनवलेलं, कॅरियर-फ्री म्हणजे सोबत दुसरं प्रोटीन न घातलेलं, १० मायक्रोग्रॅम. आमचं काम नेहमीचंच. उंदराच्या स्प्लीनमधून नेव्ह (अजून कशाशी न भिडलेले) सीडी४ टी-सेल्स काढायचे, अँटी-सीडी३ आणि अँटी-सीडी२८ या अँटीबॉडींनी जागे करायचे, आयएल-२ (टी-सेल्स वाढवणारं प्रोटीन) आणि टीजीएफ-बीटा घालायचं आणि चौथ्या दिवशी किती सेल्समध्ये फॉक्सपी३ (टी-रेगची ओळख असलेलं प्रोटीन) चढलं ते फ्लोवर, म्हणजे सेल्स एकेक मोजणाऱ्या यंत्रावर, बघायचं. चढलं की टी-रेग झाले, म्हणजे इतर टी-सेल्सना आवर घालणारे. प्रोटोकॉल तुम्हाला पाठ असेल, त्यात शिरत नाही.

किमतीत मात्र शिरणार. जीएसटी धरून चाळीस हजार गेले, १० मायक्रोग्रॅमला. ग्रॅमचा हिशेब केलात तर चारशे कोटी रुपये. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यापेक्षा सोनं घे गं, मोडता तरी येतं."

उंदरांच्या सेल्सना माणसाचं प्रोटीन का, असं नवीन मुलं विचारतात. मॅच्युअर टीजीएफ-बीटा-१ची साखळी ११२ अमिनो आम्लांची. अशा दोन साखळ्या जोडून २५ किलोडाल्टनचा रेणू होतो. माणूस आणि उंदीर यांच्या साखळीत फरक एका अमिनो आम्लाचा, त्यामुळे ह्युमन उंदरावर बिनतक्रार चालतं. 'माऊस' लिहिलेली वेगळी व्हायल घ्यायची गरज नाही. शेजारच्या लॅबने दोन्ही घेऊन ठेवल्यात. असो, ग्रँट त्यांची.

एप्रिलमध्ये मागवलं. तीन कोटेशन, जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) मिळत नसल्याचा दाखला, परचेस सेक्शनच्या चार चकरा, हे सगळं झाल्यावर खोकं आलं ते शुक्रवारी दुपारी साडेचारला. पुण्यातला एप्रिल. गेटवरच्या काकांनी सही करून घेतलं आणि टेबलाखाली ठेवलं, कारण त्यावर 'परिशेबल' होतं ते इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. मला सोमवारी कळलं. आतली जेल पॅक पाणी पाणी, हाताला कोमट. मी फोटो काढले. हे फोटो पुढे येणार आहेत.

वितरकाचा माणूस फोनवर शांत होता. "मॅडम, लायोफिलाइज्ड आहे, गोठवून सुकवलेलं, दोन दिवस बाहेर राहिलं तरी काही होत नाही." मला ती सारवासारव वाटली. (तो बरोबर होता. हे टाइप करताना आजही दात खातेय.)

व्हायल उघडायचा प्रसंग सांगते, कारण पहिल्यांदा उघडणाऱ्याची छाती धडधडते. आत काहीच दिसत नाही. पावडर नाही, कण नाही, उजेडात धरलं तर तळाशी जेमतेम धुरकट डाग, आणि तोही असावा अशी आपली श्रद्धा. १० मायक्रोग्रॅम दिसण्याइतकं नसतंच. म्हणून आधी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यायची, नाहीतर झाकणाला लागलेलं झाकणाबरोबर जातं. मग आम्ल. हे प्रोटीन न्यूट्रल पाण्यात नीट विरघळत नाही, त्याला ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं. आमच्याकडे १२ नॉर्मलची बाटली, म्हणजे तीन हजार पट पातळ: १० मायक्रोलिटर ॲसिड ३० मिलि पाण्यात. ग्रॅमला चारशे कोटींची वस्तू विरघळते कशात, तर हात धुवायला हरकत नाही अशा पाण्यात. मी ५०० मायक्रोलिटर घातलं. व्हॉर्टेक्स केलं नाही, हलकेच फिरवून दहा मिनिटं ठेवलं. २० मायक्रोग्रॅम प्रति मिलि स्टॉक तयार.

आता माझी अक्कल. अर्धा स्टॉक मी १० मायक्रोलिटरच्या छोट्या वाट्यांत, म्हणजे अॅलिकॉटमध्ये तसाच -८०ला टाकला. उरलेला अर्धा रोजच्या कामाला सोपा जावा म्हणून पीबीएसमध्ये (न्यूट्रल खारट बफरमध्ये) वीस पट पातळ केला, १ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. पाच मायक्रोलिटर उचला, एक मिलि मीडियात (सेल्सच्या खाद्यद्रवात) टाका, झाले ५ नॅनोग्रॅम. साध्या ट्यूबांत शंभर-शंभर मायक्रोलिटर भरले. पन्नास ट्यूबा झाल्या. प्रत्येकीवर तारीख, नाव, हिरवा ठिपका. खोक्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि मॅडमनी अंगठाही दिला.

पहिले तीन प्रयोग जाड स्टॉकमधून थेट केले होते. पंचाहत्तर ते ऐंशी टक्के फॉक्सपी३ पॉझिटिव्ह. इतका सरळ प्लॉट मी क्वचित बघितलाय. मे महिन्यात कोणी विचारलं असतं तर पाच तारे आणि वर एक दिला असता.

जूनच्या शेवटी हिरव्या ठिपक्याच्या ट्यूबा काढल्या. एक्केचाळीस टक्के. पुढच्या वेळी सत्तावीस, जुलैत अठरा. टीजीएफ न घातलेल्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) दोन-तीन टक्के दिसत होतेच. ते सीरममुळे, कारण फीटल बोव्हाइन सीरममध्ये गायीचं टीजीएफ सुप्त स्वरूपात असतं आणि थोडं जागं होतं. तर तीनापासून अठरा, एवढीच काय ती कमाई.

मी काय केलं? अँटीबॉडी बदलली. फिक्सेशनचा किट नवीन काढला. उंदरांचं वय तपासलं. नेव्ह सेल्सच्या शुद्धतेवरून ज्युनियरला बोलले, त्याची अजून माफी मागायची आहे. आणि मग एप्रिलचे फोटो आठवले. कोमट जेल पॅक! त्याच रात्री वितरकाला दोन पानी मेल, सात फोटो जोडून, 'रिप्लेसमेंट' हा शब्द ठळक करून.

उत्तर म्हणून एक फॉर्म आला. चौदा प्रश्न. कशात विरघळवलं, किती तीव्रतेला, कुठल्या ट्यूबमध्ये साठवलं. नववा प्रश्न: कॅरियर प्रोटीन कोणतं व किती. मी ठसक्यात 'नाही' लिहिलं. दहावा: पातळ केल्यानंतरची तीव्रता. '१ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, पीबीएस' लिहिलं आणि पेन हातातच राहिलं.

टीजीएफ-बीटा चिकटतं. प्लॅस्टिकला, काचेला, टिपला, जिथे म्हणाल तिथे. त्याचा पृष्ठभाग पाण्यापासून पळणारा, न्यूट्रल पीएचला तो आणखी पळतो, आणि समोर ट्यूबची भिंत असते. जाड द्रावणात भिंतीने थोडं खाल्लं तरी उरलेलं पुरतं. पातळ केलंत की भिंतीचा वाटा तोच, पण उरणारं नगण्य. म्हणून मिलिला एक मिलिग्रॅम बीएसए, म्हणजे गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन, घालतात. भिंत आधी अल्ब्युमिनने भरून जाते, मग टीजीएफ मोकळं राहतं. कॅरियर-फ्री व्हायल म्हणजे ही जबाबदारी आपली. मी मात्र बीएसए मुद्दाम टाळलं होतं, 'शुद्ध राहू दे' म्हणून.

फॉर्म पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी जाड अॅलिकॉट काढला आणि सीरम असलेल्या मीडियात थेट पातळ केला, शेजारी हिरवा ठिपका. तेच सेल्स, तीच प्लेट. चौथ्या दिवशी: अठ्ठ्याहत्तर आणि सोळा. बाहेर कडक ऊन पाहिलेलं प्रोटीन ठणठणीत होतं. माझ्या सुबक पन्नास ट्यूबांमध्ये वीस हजारांचं प्रोटीन भिंतीला लागून बसलं होतं, ट्यूबमागे चारशे रुपये. ॲसिडमध्ये बीएसए घालून भिंती धुवून बघितल्या. हाती काही लागलं नाही.

चूक माझी, हे मान्य. पण आता लेबलकडे या. व्हायलवर काय छापलंय? नाव, लॉट नंबर, वजन, आणि साठवणुकीचं तापमान. 'बीएसए घाला' हे सांगायला त्या लेबलवर जागा नाही, पण कंपनीच्या चिन्हाला आहे, आणि तेही दोन रंगांत. माहिती आहे ती लॉट नंबर टाकून उघडणाऱ्या पीडीएफमध्ये, तिसऱ्या परिच्छेदात, ॲसिडच्या वाक्याच्या शेपटाला. मॅगीच्या साध्या पाकिटावर पाणी किती घालायचं ते चित्र काढून सांगतात. मी हे लॅब मीटिंगमध्ये बोलले, कँटीनमध्ये बोलले, आत्याच्या घरी जेवताना बोलले. मिस्टर म्हणतात आता पुरे. पुरे कसं? एक तारा केवळ या लेबलसाठी कापतेय.

ऑगस्टपासून पद्धत बदलली. ४ मिलिमोलर ॲसिडमध्ये मिलिला एक मिलिग्रॅम बीएसए, लो-बाइंडिंग ट्यूबा, पाच-पाच मायक्रोलिटर, एकदा वितळलं की उरलेलं फेकायचं. फेकताना जीव तुटतो, पण पुन्हा गोठवलेल्या अॅलिकॉटवर आठवडा घालवण्यापेक्षा परवडतं. पातळ करायचं ते प्लेट भरायच्या पाच मिनिटं आधी, मीडियात.

मध्येच ६ ऑक्टोबर उजाडला. कोजागरी होती. दुपारी बातमी आली की वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना, म्हणजे आमच्याच टी-रेगना. १९९५मध्ये साकागुचींनी सीडी२५ ही खूण असलेले, इतरांना आवरणारे सेल्स दाखवले, २००१मध्ये त्या दोघांनी स्कर्फी या आजारी उंदराच्या वाणातलं फॉक्सपी३चं जनुक शोधलं. संध्याकाळी गच्चीवर दूध आटवताना आईने फोन बाबांकडे देत जाहीर केलं, "हिचंच आहे ते." मी सांगितलं, माझं नाही, मी ट्यूबा भरते. तोवर मामा, काकू आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांना मी नोबेलच्या आसपास कुठेतरी आहे हे कळलं होतं.

त्या रात्री जुने पेपर चाळले. साध्या टी-सेलला टीजीएफ-बीटा देऊन फॉक्सपी३ चढवता येतं, हे २००३मध्ये दाखवलं गेलं. आपण रोज करतो ते हेच. त्याआधी, १९९३चा एक पेपर: टीजीएफ-बीटा-१चं जनुक काढून टाकलेली उंदराची पिल्लं जन्मतात, काही आठवडे बरी असतात आणि मग अंगभर दाह होऊन मरतात. पहिलं नाव कुळकर्णी. उगाच छाती फुगली. या प्रोटीनला कामाशी जुळणारं नाव कोणी ठेवलं असतं तर बरं झालं असतं. 'ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर', आणि इथे तो वाढ रोखतो, शिपायांना घरी बसवतो.

दुसरी बाजूही सांगते. हेच प्रोटीन, बरोबर आयएल-६ (दाहाचा निरोप देणारं प्रोटीन) आलं, की टी-रेगऐवजी टीएच-१७ (दाह भडकवणारे टी-सेल्स) करतं, म्हणजे आग विझवायला बोलावलेला माणूस रॉकेल घेऊन येतो. २००६पासून हे माहीत आहे. म्हणून एंडोटॉक्सिनचा (जिवाणूंच्या आवरणातल्या विषाचा) आकडा बघून घ्या. तुमच्या वेलमध्ये डेंड्रिटिक सेल्स असतील आणि एंडोटॉक्सिन शिरलं तर ते आयएल-६ सोडणार. आमच्या व्हायलचा आकडा स्वच्छ होता, तक्रार नाही.

तक्रार आहे ती टिकण्याची. टीजीएफ काढून घ्या, सेल्सना पुन्हा डिवचा, आणि काही दिवसांत फॉक्सपी३ उतरायला लागतं. नोव्हेंबरात मी यालाही प्रोटीनचा दोष म्हटलं होतं, ते मागे घेते. जनुकाच्या ज्या भागावरचे मिथाइल गट निघाले की फॉक्सपी३ पक्कं बसतं, तिथले ते गट असे बनवलेल्या सेल्समध्ये निघतच नाहीत. शरीरात तयार झालेल्या टी-रेगमध्ये ते निघालेले असतात. यावर व्हिटॅमिन सी घालून बघा. ते मिथाइल गट काढायला लागणाऱ्या टेट एन्झाइमला त्याची मदत होते आणि टिकण्यात फरक पडतो. आमच्याकडे पडला. बाटली कपाटात तीन वर्षं धूळ खात होती. वर्षातला सर्वात स्वस्त आनंद.

हिशेब मात्र डिसेंबरात डोक्यात शिरला. ५ नॅनोग्रॅम प्रति मिलि, वेलमध्ये २०० मायक्रोलिटर, म्हणजे वेलला एक नॅनोग्रॅम. व्हायलमध्ये दहा हजार वेल, शंभरावर प्लेटा. वेलला चार रुपये. कँटीनमधला कटिंग दहाला आहे. चारशे कोटी म्हणून बोंबलत होते ते मी, आणि अर्धी व्हायल प्लॅस्टिकला पाजून उरलेल्या अर्ध्यात दहा महिने काढले तेही मी. अजून तीन अॅलिकॉट शिल्लक आहेत आणि गेल्या आठवड्यातला आकडा चौऱ्याहत्तर.

लहान, २ मायक्रोग्रॅमची व्हायल घेऊ नका. मायक्रोग्रॅमचा भाव जवळजवळ दुप्पट पडतो. महिन्याला एखादी प्लेट होत असेल तर शेजारच्या लॅबबरोबर वाटून घ्या. त्यांच्याकडे दोन आहेत.

चार तारे. नवीन व्हायलचा इंडेंट (खरेदीची मागणी) काल टाकला. शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या: शुक्रवारी पाठवू नये. गेटवरच्या काकांना फोन करावा. परचेसवाल्यांनी पहिली ठेवली आणि दुसरी खोडली.