ढलप्यांच्या गांडूळ-टाकीचे १४ महिने: वापरानंतरचा अनुभव

मोरीचं आणि न्हाणीचं पाणी आमच्या परड्यात साचायचं. जमीन काळी, पाणी मुरता मुरत नाही. शोषखड्डा दोनदा केला, दोन्ही वेळा तुंबला. म्हणून गेल्या वर्षी चैत्रात सांडपाणी गाळणारी ही गांडूळ-टाकी बांधली: ५ फूट लांब, ४ रुंद, ३ खोल. तळाला मोठी खडी, वर बारीक खडी, मग शेडनेट आणि त्यावर दीड फूट लाकूड. घरात सहा माणसं, रोजचं साडेतीनशे लिटर सांडपाणी. संडासाचं पाणी यात सोडलेलं नाही. खरकटं आणि तेल अडवायला आधी छोटा हौद आहे. तो दर आठवड्याला साफ करावाच लागतो.

पहिली चूक भुशाची. वखारीत फुकट मिळाला म्हणून तोच भरला. तीन आठवड्यांत लगदा झाला, पाणी वर तुंबलं, वास सुटला. सगळा उपसून आंबा-सुबाभळीच्या इंचभर ढलप्या भरल्या आणि तेव्हापासून वास नाही. ढलप्यांच्या फटींत हवा खेळते, त्यांच्या अंगावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो आणि पाण्यातला मळ तोच पचवतो. गांडुळं हा थर खात खात वाटा मोकळ्या ठेवतात. प्लायवूडचा चुरा घेऊ नका, त्यात डिंकाची रसायनं असतात. पहिला महिनाभर टाकीतून बाहेर येणारं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं. तो लाकडाचा रंग, घाबरू नका.

यंदा मे महिन्यात आठ दिवस गावाला गेलो. पाणी बंद, वरचा थर कोरडा ठणठणीत, आणि निम्मी गांडुळं मेली. आयसेनिया फेटिडा जातीला ३५ अंशांपुढचं ऊन सोसत नाही. आता वर ओलं गोणपाट असतं. फिनेलनेही गांडुळं मरतात, म्हणून मोरीत ते ओतणं तर आईने केव्हाच सोडलंय.

गाळाचं मात्र नीट सांगतो, कारण तिथे माझा एक वाफा गेला. दिवाळीला वरचा गाळ अर्धवट कुजलेल्या ढलप्यांसकट काढला आणि थेट मेथीत मिसळला. पंधरा दिवसांत मेथी पिवळी. लाकडात कार्बन भरमसाट, नत्र नावाला. ते कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात, पिकाला काही उरत नाही. उरलेला गाळ शेणात कालवून सावलीत ढीग लावला, दर पंधरवड्याला वरखाली केला. चार महिन्यांनी, शिमग्याच्या सुमारास तो काळा, भुसभुशीत झाला, हाताला मातीचा वास येऊ लागला. चाळून राहिलेल्या ढलप्या परत टाकीत गेल्या. खत केळीला आणि नारळाच्या आळ्यात घातलं. कच्च्या खायच्या पालेभाजीला हे खत मी घालत नाही, आणि कारखान्याचा गाळ कोणी फुकट दिला तरी घेणार नाही. त्यातले जड धातू कुजत नाहीत, मातीतच राहतात.

केळीच्या आळ्यात पूर्वी उन्हाळ्यात बोटभर रुंद भेगा पडायच्या. यंदा खुरपं सहज आत गेलं. दुसरा ढीग आंब्याखाली झाकून ठेवलाय, तो दसऱ्याला उघडेन.